पडणाऱ्यांची बॅच

धडधाकट माणसाकडे सांगण्यासारखं काही नसतं, हे मी ट्रॉमा वॉर्डात अख्खी नोकरी काढून शिकले. किस्से जमतात ते आपटल्यावर, मोडल्यावर. आमच्या घोड्यांच्या क्लासचंही तसंच झालं. न पडता घरी गेलो ते दिवस मला आठवत नाहीत. पडलो ते मात्र तोंडात गेलेल्या वाळूसकट आठवतात. बॅचमधले चार जण चहाला जमले की कोणीतरी म्हणतंच, "सिस्टर, तो गोखल्यांचा सांगा ना!" मग एकातून दुसरा निघतो. शेवटच्या किश्शाची वेळ आली की मी आधी कपातला चहा संपवून घेते.

मी परब सिस्टर. राहायला लालबागला, नोकरी परळच्या एका मोठ्या हॉस्पिटलात. घोड्यावर बसायचं खूळ माझं नव्हे, माझ्या मुलीचं. तिने वाढदिवसाला साडीऐवजी मला घोडेस्वारीचा क्लास दिला! माझी आई अजून आहे, आणि तिचं तोंडही अजून आहे. ती म्हणाली, "म्हातारपणी घोड्यार बसतंस? पडलंस तर कोण बघतलो तुका?" मी म्हटलं, "आई, पडलेल्यांना मीच बघते." आणि शनिवारी सकाळी गेले.

*

क्लास भायखळ्याजवळ, एका बंद मिलच्या आवारात. एका बाजूला टॉवर उठत होता. दुसऱ्या बाजूचं मैदान अजून रिकामं होतं, तिथे वाळू टाकून घोडे फिरवायचे. शिकवायला मोहिते सर. आयुष्य घोडदळात गेलेलं, मिशा पांढऱ्या, आवाज मात्र परेडचा.

पहिल्याच दिवशी ते म्हणाले, "आज कोणी घोड्याला हात लावायचा नाही!"

मैदानाच्या कोपऱ्यात एक पत्र्याचं पिंप आडवं करून चार खांबांवर बसवलेलं होतं. वर जुनं खोगीर. त्या पिंपावरून उतरायचं, हा पहिला धडा. दोन्ही पाय रिकिबीतून मोकळे करायचे, पुढे वाकायचं, पाय मागून फिरवायचा आणि गुडघे वाकवून खाली. परत वर. परत खाली. टॉवरच्या परांचीवरचे कामगार काम सोडून आमच्याकडे बघत बसले होते आणि प्रत्येक उडीला टाळ्या वाजवत होते.

आमच्यात दादरचे एक सीए होते, गोखले. घोडेस्वारीचे यच्चयावत व्हिडिओ बघून आलेले. त्यांनी हात वर केला. "सर, चढायचं कधी?"

"उतरायला आलं की."

"पण आयुष्यात कोणी पिंपावरून उतरायचा क्लास लावतो का हो!"

"क्लास न लावता उतरलेले बघायचे असतील," मोहिते सर म्हणाले, "तर सिस्टरांच्या वॉर्डात जाऊन या."

सगळे खदाखदा हसले. मी पण हसले. एक बाई हसली नाही.

*

ती सुलभा तावडे. गिरगावची. एका शाळेच्या ऑफिसात क्लार्क. पर्स दोन्ही हातांनी पोटाशी धरून उभी होती आणि शेजारी तिचा मुलगा, ओमकार. नुकताच नोकरीला लागलेला, दाढी कोरलेली, उंच, देखणा पोरगा.

मी तिला बघताक्षणी ओळखलं. नातेवाईक आम्हाला बाहेर ओळखत नाहीत, युनिफॉर्म उतरला की आम्ही कोणीच नसतो. आम्ही मात्र त्यांना ओळखतो. गेल्या पाडव्याला तिचा नवरा आमच्या वॉर्डात आला होता. दिलीप तावडे. गिरगावच्या पाडव्याच्या शोभायात्रेत मंडळाचा झेंडा घेऊन सगळ्यांच्या पुढे घोडीवर बसायचा मान दर वर्षी त्यांचाच. घोडी भाड्याची, घोडेस्वारीचं शिक्षण शून्य, डोक्यावर फक्त भगवा फेटा. घोडी उधळली आणि हे मागच्या मागे फुटपाथच्या कडेवर. नंतर ते काही शुद्धीवर आले नाहीत. त्यांचं घड्याळ, अंगठी आणि तो फेटा प्लास्टिकच्या पिशवीत घालून मीच या बाईच्या हातात दिला होता.

आता मंडळाने ओमकारला सांगितलं होतं, यंदा झेंडा तू घे, बापाची जागा आहे. आणि तो हो म्हणाला होता.

हे सगळं तिने पहिल्याच दिवशी, सगळ्यांसमोर, मोहिते सरांना सांगितलं. रडली नाही, आवाजही चढवला नाही. "मी नको म्हणून बघितलं. उपास करून बघितलं. ऐकत नाही. मग म्हटलं, बसणारच असेल तर शिकून बस. याचा बाप नुसता चढला होता."

मोहिते सर बराच वेळ मिशी चावत होते. मग म्हणाले, "पाडव्यापर्यंत हा नीट पडायला शिकेल. पडणारच नाही, याची गॅरंटी माझ्याकडे नाही."

"गॅरंटी मागितलीच नाही मी," ती म्हणाली.

त्या दिवसापासून आमच्या बॅचचं खरं काम एकच होतं. पाडव्याला ओमकार घोडीवरून जिवंत उतरला पाहिजे. बाकी आम्ही जे काही शिकलो ते वरकड!

*

आता गोखल्यांचा.

क्लासमधले घोडे म्हणजे शर्यतीतून रिटायर झालेले. कागदावर त्यांची हातभर इंग्रजी नावं, पण सईस लोक कुठली घेतात! त्यातल्या एकाला सगळे नुसतं 'फायनल' म्हणायचे. इतका गरीब की त्याच्या पाठीवर बसून गोखले फोनवर जीएसटी समजावायचे.

एका शनिवारी गोखले फायनलवर बसून दुडक्या चालीने निघाले होते. अगदी व्हिडिओतल्यासारखे, पाठ ताठ, हनुवटी वर. तेवढ्यात वॉचमनने मिलचं लोखंडी गेट बंद केलं. धडाम!

शर्यतीच्या घोड्याला त्या आवाजाचा अर्थ एकच माहीत. शर्यतीचं फाटक उघडलं, पळा! फायनलने जी झेप घेतली ती त्याने बहुतेक ऐन तारुण्यातही घेतली नसेल. तो गेला पुढे. गोखले राहिले तिथेच, फक्त हवेत. मग डोक्यावर आणि खांद्यावर वाळूत.

मी धावले. "हलू नका! मान हलवू नका!"

"सिस्टर," गोखले आभाळाकडे बघत म्हणाले, "हेल्मेट टोचतंय. काढू का?"

"काढलंत तर मी डोकंही सोबत काढेन."

गळ्याजवळचं हाड मोडलं होतं. पट्टा बांधून घरी गेले. बायकोने दार उघडलं, त्यांना खालून वरपर्यंत बघितलं आणि विचारलं, "घोडा कसा आहे?"

हेल्मेटला मात्र कडेपासून मध्यापर्यंत तडा गेला होता. आमच्याकडे पद्धत अशी, आपटलेलं हेल्मेट पुन्हा कोणाच्या डोक्यावर चढता कामा नये, म्हणून सर ते करवतीने कापून टाकायचे. त्यांनी करवत आणली. तर सुलभा पुढे झाली. "सर, मला देता हे?"

"बाई, याचा उपयोग नाही आता."

"मला घालायचं नाहीये," ती म्हणाली, आणि पदराने वाळू पुसून ते पिशवीत टाकलं.

*

पुढच्या शनिवारी ओमकार आला तो फुरंगटूनच. "आईला काहीतरी सांगा. बाबांच्या फोटोशेजारी तिने ते फुटकं हेल्मेट ठेवलंय! घरी येणारा प्रत्येक जण विचारतो, हे कोणाचं?"

"काय सांगता तुम्ही लोकांना?" गोखल्यांनी विचारलं. गळ्यात पट्टा, तरी शनिवार चुकवत नव्हते.

"आई सांगते, दादरच्या गोखल्यांचं. ते आहेत अजून."

गोखल्यांचा हात आपोआप गळ्यातल्या पट्ट्याकडे गेला.

गोम अशी होती की ओमकार क्लासमध्ये हेल्मेट घालायचा, पण पाडव्याला घालायला तयार नव्हता. "झेंडा घेऊन पुढे बसायचं आणि डोक्यावर प्लास्टिकची टोपी? अख्खं गिरगाव हसेल! अण्णा तर बसूच देणार नाहीत." अण्णा म्हणजे मंडळाचे अध्यक्ष. आणि वाईट हे की पोरगा झपाट्याने तयार होत होता. आमच्या बॅचमध्ये सगळ्यात सुंदर बसायचा तोच. मला त्याचीच भीती वाटायची. आमच्या वॉर्डात घाबरट माणसं कमी येतात.

*

माघ सरत आला तेव्हा मोहिते सरांनी सहज विचारलं, "ओमकार, पाडव्याला घोडा कुठला रे?"

"घोडी असते सर. वरातीची. माहीमहून येते, गफूरभाईंची."

सर त्या पिंपावर बसूनच राहिले. "वरातीची? बँड वाजला की नाचणारी?"

"हो. ढोलावर मस्त नाचते!"

आमच्या सगळ्यांच्या अकला गहाण पडल्या होत्या. इतके महिने आम्ही त्याला शांत घोड्यांवर, शांत मैदानात शिकवत होतो, आणि तो बसणार होता ढोलाच्या ठेक्यावर पुढचे पाय उचलणाऱ्या घोडीवर! दीडशे ढोलांच्या पुढे! सरांनी विचारलं नाही, आम्ही विचारलं नाही. घोडा म्हणजे घोडा, असंच प्रत्येकाने धरलेलं.

रविवारी सुलभा, सर आणि मी माहीमला गेलो. ओमकारला मुद्दामच नेलं नाही. तबेला खाडीच्या बाजूला, ओलसर, कोंदट. गफूरभाई पाठमोरे चारा टाकत होते. वळून सुलभाला बघितलं आणि हातातलं टोपलं खाली ठेवलं. त्यांनी तिला ओळखलं होतं. मागे एक पांढरी घोडी बांधलेली होती, चांदनी, तिच्यापुढे जाऊन उभे राहिले.

"भाभी, मारना है तो मेरेको मारो. जानवर को नहीं."

"मारायला नाही आले," सुलभा म्हणाली. "त्या दिवशी काय झालं ते सांगा."

गफूरभाई खाली बघत म्हणाले, "सालभर में किसीने पूछा नहीं, भाभी. पुलिस ने पूछा, लायसेन है क्या. मंडल ने पूछा, दूसरी घोडी है क्या. हुआ क्या, ये किसीने नहीं पूछा."

मग त्यांनी सांगितलं. ढोल सुरू झाला तशी चांदनीने पुढचे पाय उचलले. शिकवलंच होतं तिला तसं, वरातीत लोक त्याच्यावर खूश होतात. दिलीपरावांच्या एका हातात झेंडा, दुसऱ्या हातात लगाम. बाईकचा ब्रेक दाबावा तसा त्यांनी लगाम ओढला. "साब ने खींचा तो वो और उठी. जितना खींचा उतना उठी." आणि मग तोल गेला, दोघांचाही.

मला वाटलं सुलभा आता कोसळते, मी तिच्या मागे जाऊन उभी राहिले. ती कोसळली नाही. घोडीकडे बघत म्हणाली, "हिला लागलं का तेव्हा?"

"घुटना छिल गया था."

तिने मान हलवली. "पाडव्याला हीच पाठवा."

मोहिते सर उडालेच. "अहो बाई! आपण दुसरी, शांत घोडी बघू ना!"

"शांत घोडी मिळेल सर. पण ढोल वाजल्यावर ती काय करेल ते कोणाला माहीत? ही काय करते ते आपल्याला माहीत आहे."

इतकी वर्षं माणसांची दुःखं बघितली मी. अशा थंड डोक्याचं दुःख नाही बघितलं. मला त्या बाईची भीती वाटली आणि अभिमानही वाटला.

*

मग चांदनी आमच्या मैदानात यायला लागली, आणि क्लासचा तमाशा झाला! ढोल हवा होता. लालबागच्या एका पथकातून मी एक ढोल आणि ताशा मागून आणला. ढोल मी वाजवायची, ताशा गोखले. एका हाताने, कारण दुसरा अजून पट्ट्यात. आम्हा दोघांचा ठेका आयुष्यात जुळला नाही. चांदनी बिचारी मधूनच थांबून आमच्याकडे बघायची. मोहिते सर ओरडायचे, "गोखले, घोडीला ताल कळतो हो! तिचा अपमान करू नका!"

ओमकारला एकच धडा. ती उठली की लगाम सोड, पुढे झुक, आयाळ धर. लगाम सोड, पुढे झुक, आयाळ धर. ऐकायला सोपं आहे. घाबरलेला माणूस हातात आहे ते गच्च धरतो, सोडत नाही. आणि चांदनी आली त्या पहिल्याच दिवशी सरांनी झेंड्याचं विचारलं. "एका हातात झेंडा, एका हातात लगाम. मग आयाळ कशाने धरणार, दाताने?"

"झेंडा मी धरीन," सुलभा म्हणाली. "शेजारून चालेन."

ती दर वेळी यायची, पण सरावाला मैदानाकडे पाठ करून उभी राहायची. टॉवरकडे तोंड. बघायचं नाही, पण जायचंही नाही.

एका सकाळी मी जरा जोरात ढोल बडवला. चांदनी सर्रकन वर गेली, ओमकारच्या हाताने सवयीने लगाम ओढला आणि तो बाजूला वाळूत आदळला. मी ढोल टाकून धावले. सर धावले, गोखलेही धावले.

मागून सुलभाचा आवाज आला. ती वळली नव्हती. "उठला का?"

आम्ही सगळे त्याच्याभोवती. मी मानेला हात लावून बघत होते.

"सिस्टर, उठला का?"

"उठतोय, उठतोय!" मी ओरडले.

"उठतोय नको. उठला का, ते सांगा."

ओमकारने ते ऐकलं. आतापर्यंत त्याने आईचं इतकं काही ऐकलं असेल, पण हे वेगळं होतं. माझा हात बाजूला सारून तो उभा राहिला. "उठलो आई," म्हणाला. मग ती वळली. त्याच्या कोपराला खरचटलं होतं, तिथे मी स्पिरिट लावलं. त्या दिवसानंतर त्याने हेल्मेटवरून वाद घातला नाही.

*

पण अण्णा होते. मंडळाच्या ऑफिसात आम्ही सगळेच गेलो, मोर्चा असल्यासारखे. ओमकारनेच विषय काढला. "अण्णा, मी हेल्मेट घालणार."

अण्णांनी कपाळावर हात मारला. "अरे, झेंड्याचा घोडा आहे आपला! हेल्मेट घालून बसायला तू काय जेवणाची पार्सलं पोचवायला निघालायस?"

गोखले म्हणाले, "त्याच्यावरून फेटा बांधू. मी घरी बांधून बघितलाय." आणि खरंच फोनवरचा फोटो दाखवला. हेल्मेटवर फेटा, गळ्यात पट्टा, चेहरा गंभीर. अण्णांचा मुलगा हसत हसत खुर्चीवरून घसरला.

"डोकं केवढं दिसतंय!" अण्णा म्हणाले.

"दिसू दे," मी म्हटलं. "नुसत्या फेट्यातल्या लहान डोक्यांचे एक्स-रे मी बघितलेत."

अण्णांना वाईट म्हणायचं नाही मला. दिलीपराव पडले तेव्हा त्यांना उचलून टॅक्सीत घालणारे अण्णाच. ते सुलभाला म्हणाले, "वहिनी, दिलप्या माझा लहानपणचा दोस्त. त्याची जागा रिकामी बघवत नाही हो मला." त्यांचे डोळे भरून आले होते, आणि ते खरं होतं.

सुलभा म्हणाली, "मला रोज बघावी लागते, अण्णा."

फेटेवाल्याला निरोप गेला.

*

एक छोटासा, हा मी सगळ्यांना सांगत नाही. पाडव्याच्या आदल्या शनिवारी क्लास सुटल्यावर ती आणि मी गेटबाहेरच्या टपरीवर चहा घेत होतो. ती एकदम म्हणाली, "सिस्टर, तुम्ही मला पहिल्या दिवशीच ओळखलंत ना?"

मी हो म्हटलं.

"मी पण ओळखलं तुम्हाला. चेहरा नाही. पिशवी देताना तुमचे हात बघितले होते मी सारखे."

मग तिने तो प्रश्न विचारला, जो सगळेच विचारतात. "त्यांना शेवटी काही कळत होतं का हो?"

आम्ही सगळ्यांना सांगतो, ऐकू येत होतं, तुम्ही बोललात ते पोचलं. मी तोंड उघडलं तर तिने हात वर केला.

"राहू दे. तुम्ही चांगलंच सांगाल," ती म्हणाली. "पाडव्याला मात्र मला खरं तेच सांगायचं."

चहा तसाच निवून गेला आमचा.

*

आणि आता पाडव्याचा.

गिरगावात सकाळपासून पाय ठेवायला जागा नव्हती. नऊवारीतल्या पोरी बुलेटवर, गॅलऱ्यांतून फुलं, घराघरावर गुढ्या. फेटेवाल्याने ओमकारच्या हेल्मेटवर इतका सुंदर फेटा बांधला की अण्णाही बघत राहिले. ओमकार चांदनीवर बसला. डाव्या बाजूला झेंडा घेऊन सुलभा, साधी सुती साडी आणि पायात स्पोर्ट्स शूज. उजवीकडे मोहिते सर. पुढे गफूरभाई. मागे गोखले, आणि खांद्याला फर्स्ट एडची बॅग लावून मी. लोकांना वाटलं, आम्ही मंडळाचे कार्यकर्ते.

ज्या नाक्यावर दिलीपराव पडले त्याच नाक्यावर पथक उभं असतं. दर वर्षी तिथेच पहिला ठोका पडतो. अण्णांना सांगून जागा बदलता आली असती. सुलभाने सांगू दिलं नाही. आम्ही तिथे पोचलो. तिने या वेळी पाठ केली नाही. झेंडा दोन्ही हातांनी धरून ती सरळ मुलाकडे बघत उभी राहिली.

दीडशे ढोल एकदम वाजले. माझ्या बरगड्या हलल्या.

चांदनी उठली. पहिल्यापेक्षा वर, मैदानात कधीच गेली नव्हती इतकी वर. ओमकारच्या हातातला लगाम ढिला पडलेला मी डोळ्यांनी बघितला. तो पुढे झुकला, तोंड तिच्या मानेत, दोन्ही मुठींत आयाळ. ती खाली आली. परत उठली. परत खाली आली. लोक मोबाइल उंच धरून आरोळ्या ठोकत होते, त्यांना वाटत होतं नाच चाललाय. मोहिते सरांचे ओठ हलत होते. गोखल्यांनी माझ्या दंडाला धरलं होतं, आणि त्या दंडावर दुसऱ्या दिवशी पाचही बोटं उठली होती.

मग चांदनीने मान झटकली आणि ठेक्यात, शहाण्यासारखी, पुढे चालायला लागली.

यात्रा संपली तिथे ओमकारने दोन्ही पाय रिकिबीतून काढले, पुढे वाकला, पाय फिरवला आणि गुडघे वाकवून खाली उतरला. उभा राहिला.

"उतरला," मी सुलभाला म्हटलं.

तिने झेंडा माझ्या हातात दिला आणि त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली. मला वाटलं, आता गळ्यात पडेल, हंबरडा फोडेल. तिने हाताची मूठ वळली, टाचा उचलल्या, आणि बोटांच्या पेरांनी, दार वाजवतात तसं, त्याच्या फेट्यावर वाजवलं. टक, टक. आतल्या हेल्मेटचा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकू आला.

"काय गं आई!" ओमकार लाजला.

तेवढ्यात पलीकडे अण्णांनी चांदनीचं खोगीर धरलं होतं. फोटोग्राफर तयार. अण्णांच्या डोक्याला जरीचा फेटा, नुसताच. एक पाय रिकिबीत घालून ते म्हणत होते, "गफूरभाई, धरा हिला घट्ट. एकच फोटो, मंडळासाठी!"

सुलभा चालत तिकडे गेली.

"अण्णा."

"हां वहिनी!" ते पाय तसाच ठेवून हसत तिच्याकडे वळले.

तिने मूठ वळली आणि त्यांच्या फेट्यावर वाजवलं. कापड दबलं. आवाज आला नाही. दार वाजवून माणूस थांबतो तशी ती थांबली. मग परत एकदा वाजवलं. मागे ढोल केव्हाच थांबले होते, आणि आम्ही सगळे कान देऊन उभे होतो.

अण्णा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी हळूच रिकिबीतला पाय काढून घेतला.